नाहूर ते नाहूर, व्हाया 1934

रविवारी सकाळी नाहूरच्या तिकीट खिडकीपाशी फारशी गर्दी नसते. सीएसएमटीचं परतीचं तिकीट काढा. जायचंय टाऊनलाच, पण गाडी मधेच नव्वद वर्षं मागे जाणार आहे, तेव्हा डबा बघून चढा.

निघण्याआधी एक गैरसमज काढून टाकू. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो भागात गाइड पर्यटकांना रस्त्याने फिरवतो आणि हार्वी मिल्क या समलिंगी पुढाऱ्याचं कॅमेऱ्याचं दुकान कुठे होतं ते दाखवतो. न्यूयॉर्कच्या ख्रिस्टोफर स्ट्रीटवर स्टोनवॉल इन आहे. 28 जून 1969 च्या पहाटे पोलिसांची धाड पडली तेव्हा तिथली गिऱ्हाइकं पळण्याऐवजी उलटी फिरली होती. अशी गल्ली मुंबईत शोधत बसाल तर चपला झिजतील. नो फूटप्रिंट्ससारखी मंडळी इथेही एलजीबीटीक्यू मुंबईची सहल घडवतात, पण बोट दाखवावं असा सलग मोहल्ला त्यांच्याही हाती लागत नाही. तो कधी नव्हताच. ज्या शहरात नवराबायकोने खोलीत साडीचा पडदा लावून संसार केला, तिथे ‘तसल्या’ माणसांना अख्खी गल्ली कोण देणार? म्हणून त्यांनी जागेचा नाद सोडला आणि वेळ घेतली. संध्याकाळचे दोन तास, रविवारची दुपार, लोकलमधली चाळीस मिनिटं. ही सहल त्यामुळे पायांपेक्षा घड्याळाने जास्त करायची आहे.

नियम दोन. कुणाकडे रोखून पाहायचं नाही. आणि जिथे उतराल तिथल्या माणसाच्या अंगात शिरायचं, बघ्यासारखं लांब उभं राहायचं नाही.

गाडी यायच्या आधीच पहिली अडचण येते. काळ मागे सरकतो, 2006 ओलांडतो आणि तुमच्या पायाखालचा फलाट नाहीसा होतो. भांडुप आणि मुलुंडच्या मध्ये नाहूर स्टेशन झालं तेच मुळी 2006 साली. पूल जातो, मागचे टॉवर जातात, पूर्वेकडून मिठागरांचा खारट वारा येतो. तुम्ही रुळांच्या कडेला गवतात उभे आहात आणि समोरून गाड्या न थांबता निघून जातायत. चला, भांडुपपर्यंत पायी.

1934, बोरीबंदर

आता तुमच्या अंगावर धोतर आणि काळा कोट आहे. फोर्टातल्या एका पेढीत तुम्ही कारकून आहात. बिऱ्हाड गिरगावातल्या चाळीत, बायको बाळंतपणाला माहेरी, रात्रीचा मुक्काम भांडुपला नातलगांकडे झाला. काखेत वर्तमानपत्र आहे आणि त्याच्या घडीत ‘समाजस्वास्थ्य’चा अंक. घडी सुटू देऊ नका. मुखपृष्ठावर विवस्त्र बाईचं चित्र असतं, आणि समोरच्या बाकावरचे गृहस्थ तुमच्या सासऱ्यांना ओळखतात.

बाईच्या चित्रासाठी तुम्ही अंक घेत नाही, हे मात्र सासऱ्यांनाच काय, कुणालाच सांगता येणार नाही. तुम्ही लेख सोडून थेट वाचकांच्या प्रश्नोत्तरांवर जाता. रघुनाथ धोंडो कर्वे 1927 पासून हे मासिक जवळजवळ एकहाती चालवतायत. लोक त्यांना असं काहीबाही विचारतात, जे डॉक्टरसमोर तोंडातून निघत नाही. हस्तमैथुनाबद्दल विचारतात, समलिंगी संबंधांबद्दल विचारतात. कर्वे उत्तर देतात, तेही पापपुण्याचा हिशेब न मांडता. असल्याच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेलाय.

दुपारच्या सुट्टीत तुम्ही हायकोर्टाचा जिना चढता. ‘पेढीचं काम आहे’ असं पट्टेवाल्याला उगाच सांगता, त्याने विचारलेलं नसताना. आत कर्व्यांच्या बाजूने बॅरिस्टर आंबेडकर उभे आहेत. पुणे कराराला अजून दोन वर्षं व्हायची आहेत. अशा वेळी, अशा विषयावर या माणसाने वकीलपत्र घ्यावं! त्यांचं म्हणणं तुम्ही मागच्या रांगेत श्वास रोखून ऐकता: लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यावरून ते लिखाण अश्लील ठरत नाही, लोकांना प्रश्न पडतात आणि त्यांना शास्त्राच्या आधारे उत्तर मिळायला हवं. हॅवलॉक एलिससारख्या संशोधकाचा दाखला दिला जातो.

कर्वे हरतात. 200 रुपये दंड. पण जिना उतरताना तुमच्या गुडघ्यात कंप आहे तो निकालाचा नाही. भर कोर्टात, काळ्या झग्यातल्या माणसांनी, तुमच्या मनातली गोष्ट मोठ्याने उच्चारली आणि वरचा पंखा तसाच फिरत राहिला.

खटला कलम 292 चा होता. त्याच दंडसंहितेत पुढे 377 आहे, 1862 पासून लागू. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संगाला जन्मठेप किंवा 10 वर्षांपर्यंत कैद. कोर्टाबाहेरच्या पुस्तकवाल्याकडे ती संहिता मिळते. तुम्ही उचलता, पानं चाळता, 292 पाशी थांबता. त्यापुढे बोट नेत नाही. पुस्तक जागेवर ठेवून पेढीवर परत जाता. अर्धी सुट्टी तुमची होती, ती संपली.

1991, सात ते नऊ

गाडी पुढे निघते. 1947 जातं, कायदा तसाच राहतो. 1981 साली वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींत तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ दिसतं. एका मुलीवर जीव जडलेली सुमित्रा, आणि त्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी. मराठी रंगभूमीवर ही गोष्ट सांगितली जाते, प्रेक्षक ती ऐकून शेवटची लोकल पकडतात. 1986 मध्ये पत्रकार अशोक राव कवी ‘सॅव्ही’ मासिकाला मुलाखत देऊन स्वतःच्या नावानिशी सांगतात की मी समलिंगी आहे. घराघरांत बायका ते मासिक वाचतात आणि उशीखाली सरकवतात.

1991 ला उतरा. तुम्ही वीस वर्षांचे, कॉमर्सचे विद्यार्थी. नाहूर गावात दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहता. आरसासुद्धा पाळीने मिळतो.

“लायब्ररीत जातोय टाऊनला,” तुम्ही म्हणता.

“आज सुट्टीच्या दिवशी?” आई भाकरी थापताना मान वर करत नाही. “नऊच्या आत नीघ तिथून. आणि घड्याळ काढून ठेव, गर्दीत जाईल.”

घड्याळ काढू नका. बाबांच्या हातचं एचएमटी आहे आणि आज ते लागणार आहे.

मुलुंडपर्यंत चालत, तिथून व्हीटी, मग फोर्टातून रीगल सिनेमापर्यंत पायी. गेटवेच्या बाजूला समुद्राकाठची बसकी भिंत आहे, जाणकार तिला नुसतं ‘वॉल’ म्हणतात. फुगेवाले, गुजरातेतून आलेली कुटुंबं, टांग्यांच्या घोड्यांच्या लिदीचा वास. त्या गर्दीत काही पुरुष एकेकटे बसलेत, शेजाऱ्यापासून हातभर अंतर ठेवून. दिवसभर ही भिंत सगळ्यांची असते. अंधार पडला की दोनेक तास ती तुमची होते, आणि हे फुगेवाल्याला कळत नाही.

एकजण सरकून जवळ बसतो. त्याच्या मनगटावर घड्याळ आहे, तरी तो विचारतो, “टाइम काय झाला?”

तुम्ही तुमचं घड्याळ बघून सांगता. त्यानेही बघितलेलं असतं. ओळख झाली.

तो डोंबिवलीचा निघतो. म्हणजे आलात त्याच रुळांवरून दोघं परत जाणार. मराठीत बोलायला मिळालं याचंच तुम्हाला अप्रूप, कारण आतापर्यंत या गोष्टीला तुमच्याकडे मराठी शब्द नव्हता, शिव्या होत्या. तो पिशवीतून चार घड्या घातलेला अंक काढतो. ‘बॉम्बे दोस्त’, 1990 पासून निघणारा. इंग्रजी, मधे थोडं हिंदी. “ठेव तुझ्याकडे. वाचून दुसऱ्याला दे. जाळू नकोस.” मग तो सांगतो तशा जागा तुम्ही पाठ करता. चर्चगेट स्टेशन, मैदानाची कड, लोकलचा ठरावीक डबा. प्रत्येकाला वेळ जोडलेली. पुढे 2003 मध्ये आर. राज राव यांच्या ‘द बॉयफ्रेंड’ या कादंबरीत पांढरपेशा पत्रकार आणि एक दलित तरुण यांची पहिली गाठ चर्चगेटच्या मुतारीत पडेल. इंग्रजी कादंबरी, पण त्यातलं शहर तुम्ही आज बसलायत तेच.

पावणेनऊला तुम्ही एकटेच निघता. कोपऱ्यावर एक धिप्पाड माणूस तुमची कॉलर धरतो. पोलीस आहे म्हणतो. खरा की तोतया, हे विचारायची सोय नाही, आणि तीच तर त्याची कमाई आहे. “377 माहितीये? घरचा पत्ता सांग.” ते कलम कोर्टात क्वचित उभं राहायचं. रस्त्यावर मात्र त्याला कोर्टाची गरज नव्हती, तुमची भीती पुरायची. खिशात अकरा रुपये आणि रेल्वेचा पास. तो मनगटाकडे बघतो.

रात्री आई विचारते, घड्याळ कुठाय? “गर्दीत गेलं,” तुम्ही म्हणता. “सांगितलं होतं,” ती म्हणते, आणि ताट वाढते.

1995, वाकोला

पुढचा थांबा उपनगरातच. कुर्ल्याला उतरा, सांताक्रूझ पूर्वेची बस धरा. वाकोल्याला महापालिकेच्या इमारतीत हमसफर ट्रस्टला जागा मिळाली आहे. अशोक राव कवी आणि सोबत्यांनी 1994 मध्ये काढलेली ही संस्था. एचआयव्हीचं भय शहरभर पसरलंय. ज्यांच्यापर्यंत कुठलाही सरकारी माणूस पोचत नाही, त्यांच्यापर्यंत पोचायचं तर त्यांच्यातल्याच कुणाला तरी हाताशी धरावं लागणार. म्हणजे दंडसंहितेच्या लेखी तुम्ही गुन्हेगार, आणि पालिकेच्या लेखी डोक्यावरच्या पंख्याला पात्र. दोन्ही कागदांवर शिक्का सरकारीच.

जिन्यात तुम्ही दोनदा मागे फिरता. तिसऱ्यांदा वरून कुणीतरी हाक मारतं, “ये रे. चहा गार होतोय.” आत कंडोमची खोकी, भिंतीवर तक्ते, सतरंजीवर दहा-बारा जण. कुणी बँकेतला, कुणी गिरणी सुटलेला, कुणी साडी नेसून आलेला आणि स्वतःला ‘कोती’ म्हणवणारा. एक जण टेचात सांगतो की त्याला बायको आहे, मुलगा आहे आणि तो आहे तसा आहे. सगळे हसतात, तुम्हीही. आणि तेव्हा लक्षात येतं की गेल्या तासाभरात दाराकडे तुम्ही एकदाही पाहिलं नाही.

या खोलीला दार आहे, कडी आहे. वेळेच्या जिवावर जगणाऱ्यांना पहिल्यांदा चार भिंती मिळाल्या, त्या पालिकेच्या. याच वर्षी मुंबईत ‘स्त्री संगम’ही सुरू होतं, बायकांचं. त्याचंच पुढे ‘लेबिया’ झालं.

2 डिसेंबर 1998, गोरेगाव

आता तुम्ही ती आहात. तिशीच्या, बँकेत नोकरी, लग्न ‘जमत नाहीये’. पुरुषांना निदान भिंत होती, चर्चगेट होतं. अंधार पडल्यावर समुद्राकाठी एकट्या बसलेल्या बाईला कुणी टाइम विचारत नाही, रेट विचारतात. तुमच्याकडे होता तो लेडीज डबा. तिथे एक मैत्रीण चार वर्षं तुमची जागा धरते आहे. मांडीवर पर्स ठेवून, दुसऱ्या कुणी विचारलं तर “येतेय ती” म्हणून. डब्यात हळदीकुंकू होतं, केळवणं होतात, डोहाळजेवण होतं. तुमचा खांदा तिच्या खांद्याला लागतो आणि गर्दी असल्याने त्याचं काही वाटून घ्यायचं कारण कुणालाच नसतं.

आज दोघींनी अर्धी रजा टाकलीय. दीपा मेहतांचा ‘फायर’ लागलाय. शबाना आझमी आणि नंदिता दास, एका घरातल्या जावा, एकमेकींच्या होतात. सेन्सॉरने पास केलेला सिनेमा, गोरेगावचं सिनेमॅक्स, दुपारचा खेळ. तुम्ही रस्त्याच्या पलीकडे पोचता तेव्हा काचा फुटून पडलेल्या असतात आणि पोस्टर जळत असतं. शिवसैनिकांनी थिएटरवर हल्ला केलाय. खेळ बंद.

ती तुमचा हात सोडते, मग पुन्हा धरते. इतक्या लोकांना एवढा राग आलाय म्हणजे अशा बायका असतात हे त्यांना ठाऊक आहे, असं काहीतरी ती पुटपुटते. तुम्ही दोघी समोरच्या हॉटेलात मिसळ मागवता आणि ती न खाताच बिल देता. दोन तासांची रजा शिल्लक असते. ती कुठे घालवायची, हे ठरवायला शहरात जागा नसते.

16 ऑगस्ट 2008, गवालिया टँक

शनिवार. कालच झेंडावंदन झालंय. ऑगस्ट क्रांती मैदान, जिथे 8 ऑगस्ट 1942 ला ‘छोडो भारत’ची हाक दिली गेली. आज तिथून ‘क्वीअर आझादी’चा पहिला मोर्चा निघणार आहे. ब्रिटिश गेले, त्यांचं 377 राहिलं, म्हणून हे मैदान आणि म्हणून हा आठवडा.

तुम्ही पुन्हा तो आहात, सदतीस वर्षांचे. नाहूरला आता स्टेशन आहे, त्यामुळे मुलुंडपर्यंतची पायपीट वाचली. मैदानाच्या फाटकाशी कुणीतरी पुठ्ठ्याचा मुखवटा पुढे करतं. तुम्ही तो घालता. ऑफिसमधलं कुणी टीव्हीवर बघेल. ढोल वाजतो, हिजड्यांची टाळी वाजते, इंद्रधनुषी पट्टा उलगडत जातो. बाल्कन्यांत माणसं जमतात. दोन तासांसाठी सबंध रस्ता, दिवसाढवळ्या, पोलीस बंदोबस्तात. ज्या खाकीला बघून तुम्ही फुटपाथ बदलायचात, तीच खाकी आज तुमच्यासाठी टॅक्सी थांबवते आहे.

तुमच्या शेजारून दोन बायका चालतायत, चाळिशीच्या. एकीने दुसरीची पर्स धरलीय. तुम्ही त्यांना ओळखत नाही. एका वाचकाच्या पायांनी तुम्ही दोघांचंही आयुष्य चालून आलायत, एवढंच.

मोर्चा गिरगाव चौपाटीला संपतो. घामाने मुखवटा चिकटलाय, तो वर सरकवा आणि समोर बघा. विल्सन कॉलेज. रघुनाथराव कर्वे इथे गणित शिकवत होते. संततिनियमनाच्या प्रचारापायी 1925 मध्ये त्यांना ही नोकरी सोडावी लागली. त्यानंतर दोन वर्षांनी मासिक, मग खटले, मग तो दंड. गिरगावातल्या चाळीतून कामावर जाणारा तुमचा 1934 चा कारकून संध्याकाळी पाय मोकळे करायला याच वाळूत येत असणार. त्याने इथे बसून अंकाची घडी कधीच उघडली नसेल. आज पोरं अंगावर झेंडे लपेटून भेळ खातायत.

गाइडच्या हाती पाटी असती तर ती इथे लावली असती. पण चौपाटीवर भरतीच्या पलीकडे टिकणारं काही रोवता येत नाही.

परतीची गाडी

यापुढचे थांबे भराभर घ्या. 2 जुलै 2009, दिल्ली उच्च न्यायालय 377 ची धार काढून घेतं. 11 डिसेंबर 2013, सर्वोच्च न्यायालय ती परत लावतं. चार वर्षं उजेडात वावरलेल्या माणसांना एका बुधवारी पुन्हा सात ते नऊमध्ये जायला सांगितलं जातं.

ती गेली नाहीत. 15 एप्रिल 2014 ला तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मिळाला. त्या दाव्यात मुंबईच्या गौरी सावंत होत्या. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने ज्यांची नावं पोलिसांच्या वहीत चढवली, त्यांच्या वंशातली टाळी अजूनही आपल्या डब्यात वाजते आणि आपण खिडकीबाहेर बघतो. इथून हाकेच्या अंतरावर, ठाण्याच्या लक्ष्मी त्रिपाठी यांचं आत्मकथन मराठीतच आलं, ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ हिजड्यांना लपायला सात ते नऊसुद्धा मिळाले नव्हते. सगळ्यांना दिसायचं आणि कुणी बघायचं नाही, असा तो मामला.

2014 च्याच मे महिन्यात ‘कशिश’ चित्रपट महोत्सव मरीन लाइन्सच्या लिबर्टीत भरला. श्रीधर रंगायन यांनी 2010 पासून चालवलेला. लिबर्टी 1949 चं, नक्षीदार, मखमली. इथेच ‘हम आपके हैं कौन’ शंभराहून जास्त आठवडे चालला होता. तुमच्या आईने तो तीनदा पाहिला आणि प्रत्येक वेळी परतताना म्हणाली, आता तुझंही उरकू. त्याच खुर्च्यांवर आता दोन पुरुष हातात हात घालून मध्यंतराची वाट बघतायत.

6 सप्टेंबर 2018, गुरुवार. तुम्ही नाहूरच्या फलाटावर आहात. फोन थरथरतो: संमतीने एकत्र येणाऱ्या दोन प्रौढांना 377 आता लागू नाही. स्लो लोकल येते, तुम्ही चढत नाही. दुसरी येते. डोंबिवलीहून फोन येतो. सत्तावीस वर्षांनी आवाज जाड झालाय.

“टाइम काय झाला?” तो विचारतो.

उतरा. सहल संपली, तिकीट अजून चालू आहे. आजची तारीख, पश्चिमेचा जिना, इस्टेट एजंटचं ऑफिस. आता तुम्ही सव्वीस वर्षांचे आहात, सोबत तो आहे, दोघांनाही पगार आहे. वन बीएचके बघायचाय. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने तुमच्या लग्नाला कायद्याने मान्यता द्यायला नकार दिला, त्यामुळे दाखवायला सर्टिफिकेट नाही. भिंतीवर घड्याळ टिकटिकतंय. वेळ भरपूर आहे. रविवार पडलाय अख्खा.

एजंट डायरी उघडतो, पेनाचं टोपण दाताने काढतो.

“फॅमिली की बॅचलर?”

तुम्ही एकमेकांकडे बघता.

“दोघं,” तुम्ही म्हणता.

“ते दिसतंय,” तो म्हणतो. “सोसायटीच्या फॉर्मवर काय लिहू?”